आधी आपल्या हातावर

आमच्या गाळ्यात दोन गोष्टी कोणी न आणता वाढायच्या. एक गंज आणि दुसरे किस्से. रॅकांवरचा गंज आम्ही शनिवारी रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन घासून काढायचो. किस्से काही घासून जात नाहीत! नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "वैशाली, ते तुमच्या हत्यारांचं सांग ना." मी सांगते. लोक पोट धरून हसतात. मला मात्र सांगताना आजही राग येतो, आणि तो मी लपवत बसत नाही.

तर आधी गाळा. काशीमीऱ्याला हायवेच्या आत, गॅरेजांच्या रांगेमागे. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी तिथे हिशेबाला म्हणून लागले आणि बघता बघता डिस्पॅच माझ्या गळ्यात पडलं. माल कसला? तर हत्यारांचा! आजूबाजूला सिरियलचे स्टुडिओ उभे राहत होते. त्यांना लागणारी खोटी हत्यारं आम्ही बनवून भाड्याने द्यायचो. दारातून शिरलं की पहिल्या रॅकवर आदिमानवाचे दगड. मग कुऱ्हाडी, भाले, धनुष्यं, गदा, तलवारी, ढाली, ठासणीच्या बंदुका, प्लायवूडची एक तोफ, पिस्तुलं, आणि पार शेवटी बाथरूमच्या भिंतीला टेकून एके-फोर्टीसेव्हन. माणसाने माणसाला मारायला आजवर जे जे शोधून काढलं ते सगळं, दारापासून बाथरूमपर्यंत!

मालक किरीटभाई. त्यांच्या मते हत्यारांमध्ये काही प्रगती वगैरे झालेलीच नाही. "वैशालीबेन, जमाना कोई भी हो, लगता तो डंडा ही है!" भाल्याचं पातं काढलं की सैनिकाची काठी, काठीला लाकडी दस्ता ठोकला की बंदूक, बंदूक मोडली की पुन्हा भाला. एकच बांबू चार युगं लढून आलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

टेम्पो चालवायचा फ्रान्सिस, समुद्राकडच्या डोंगरी गावचा. आणि सगळा माल बनवायचे युसुफभाई. राहायला नया नगरला, मूळचे खेडचे. माझं माहेर चिपळूण, त्यामुळे पावसाळ्यात आमचं बोलणं एकच, तुमच्याकडे पाणी कुठवर आलं!

युसुफभाईंचा एक कायदा होता. गाळ्यातून कुठलंही हत्यार बाहेर जायचं, तर ते न्यायला आलेल्या माणसासमोर आधी आपल्या अंगावर चालवायचं. तलवार असली तर बाही वर करून कोपरापासून मनगटापर्यंत ओढायची. भाला पोटावर टेकवून दाबायचा. बंदूक असली तर नळी आपल्या छातीला लावायची आणि चाप ओढायचा. खट! मग म्हणायचे, "घ्या." टेम्पोभर माल असला तरी एकेक नग असाच जायचा. संध्याकाळी त्यांचा डावा हात ॲल्युमिनियमने काळा झालेला असायचा. गिऱ्हाईक कंटाळायचं, घड्याळ बघायचं, किरीटभाई कपाळाला हात लावायचे. युसुफभाई ढिम्म.

*

एकदा एक असिस्टंट डायरेक्टर आला. मानवजातीच्या प्रगतीवर काहीतरी शैक्षणिक मालिका निघत होती. त्याला आदिमानवाचे दगड हवे होते. आम्ही फायबरचे, छान ओबडधोबड दगड दाखवले. त्याने उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "मॅम, यावर एम्ब्लेम पाहिजे."

"कसलं?"

"राज्याचं. टोळीचा जो किंग आहे ना, त्याचं. चॅनलला रिच लुक हवाय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, राजा अजून व्हायचाय! राज्य व्हायचंय! या माणसाला अंगावर घालायला धड कपडा नाही आणि तुम्ही त्याला एम्ब्लेम काय देताय!"

युसुफभाईंनी माझ्या हातातून दगड घेतला आणि खिळ्याने त्यावर एक सूर्य कोरून दिला. म्हणाले, "जाऊ द्या हो ताई. पहिला दगड ज्याच्या हातात आला, तोच राजा झाला असणार."

आणि कायद्याप्रमाणे तो दगड स्वतःच्या डोक्यावर दाणकन आपटून म्हणाले, "घ्या."

*

गदा हा नाजूक विषय. दिसायला मणभर वजनाची, आतून पोकळ. एका पौराणिक मालिकेला दिलेली गदा चार दिवसांत दोन तुकडे होऊन परत आली. प्रॉडक्शनवाला तोंड पाडून म्हणाला, "मॅडम, युद्धात तुटली."

"युद्धाचं शूटिंग परवा आहे!"

"म्हणजे... रिहर्सलमध्ये."

मागून फ्रान्सिस म्हणाला, "कसली रिहर्सल, बाय! तो हिरो तिच्यावर बसून वडापाव खात व्हता. मी बघलाय."

मी त्या प्रॉडक्शनवाल्याला असा काही झाडला की गॅरेजची पोरं पाने खाली ठेवून बघायला आली. युसुफभाई लोकांच्या घरी जेवायला बसावं तसे मांडी घालून आठवडाभर ती एक गदा घोटत बसलेले. आणि हा महापराक्रमी तिचा पाट करतो! पण हिरो मोठा, त्याला कोण बोलणार? शेवटी युसुफभाईंनी आत लोखंडी पाइप घालून दुसरी एक गदा केली. तेव्हापासून त्या मालिकेला दोन गदा जायच्या, एक मारायची आणि एक बसायची.

बसायची आधी झिजली.

*

आता तलवारीचं ऐका. हे ऐकून मात्र कोणी हसत नाही.

एका ऐतिहासिक मालिकेचा प्रॉडक्शन मॅनेजर होता, पांढरे बूट घालणारा. त्याची रोजची तक्रार, "तुमच्या तलवारींना चमक नाही. कॅमेऱ्यात ॲल्युमिनियम दिसतं." मी म्हटलं, "ॲल्युमिनियमच आहे. दिसणारच." त्याने आम्हाला न विचारता सेटवर बाहेरून लोखंडी पाती आणवली, आमच्या मुठींना बसवली, आणि हायवेवरच्या एका ग्राइंडरवाल्याकडून त्यांना मस्तपैकी धार लावून घेतली. का? तर धार लावली की कडेला उजेडाची रेघ येते!

आली रेघ. रमेश नावाचा आमच्या ओळखीचा फायटर होता, मेल्याचं सोंग इतकं झकास करायचा की एकाच लढाईत तीन-तीनदा मरायचा. त्याने सवयीने समोरच्याची तलवार पंजात धरली. आमची तलवार असती तर नुसती गुदगुली झाली असती. त्याच्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत.

मी रिक्षा करून सेटवर गेले. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ॲक्सिडेंट है, फाइट में होता है." मी त्यांतलीच एक तलवार उचलली, त्याच्यासमोर धरली आणि म्हटलं, "बाही वर करा."

"क्या?"

"बाही वर करा आणि फिरवा स्वतःच्या हातावर. आमचा माणूस रोज फिरवतो. तुम्ही एकदा फिरवून दाखवा!"

त्या माणसाने दोन्ही हात पाठीमागे नेले. शाळेत छडी खायच्या वेळी मुलं नेतात तसे. सगळं युनिट बघत होतं. मी तलवार त्याच्या पांढऱ्या बुटांपुढे टाकली आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी युसुफभाईंनी कायदा वाढवला. आधी आम्ही आमच्या हातावर चालवायचं, मग नेणाऱ्याने त्याच्या हातावर. नाही चालवायचं? मग माल मिळणार नाही. किरीटभाई म्हणाले, "धंधा बंद हो जाएगा." धंदा बंद झाला नाही, पण पांढरे बूट पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत.

*

एकदा दोन मालिकांच्या लढाया एकाच दिवशी आल्या आणि तलवारींचा सेट आमच्याकडे एकच. किरीटभाईंनी दोघांनाही हो म्हटलेलं! सकाळी या स्टुडिओत मावळ्यांनी त्या तलवारींनी मोगलांना कापलं, फ्रान्सिस दारात टेम्पो सुरू ठेवून उभा, आणि दुपारी पलीकडच्या स्टुडिओत त्याच तलवारींनी मोगल मावळ्यांना कापायला हजर. मला वाटलं, निदान माणसं तरी वेगळी असतील.

कसली वेगळी! सकाळचे फायटर आमच्याच टेम्पोत मागे बसून आले होते. त्यांतल्या एकाला मी विचारलं, "अरे, आता तू कोणाकडून?"

तो म्हणाला, "जेवण कोणाकडे आहे?"

*

मग एका मिरवणुकीचं. कसली, कोणाची, ते सांगत नाही, कारण कोणाचीही असली तरी फरक पडत नाही. एका मंडळाची पाच-सहा पोरं आली. गळ्यात रुमाल, हातात नवीन कॅमेऱ्याचे मोबाइल. "ताई, तलवारी पाहिजेत. धारवाल्या."

"कशाला?"

"शोभायात्रा आहे. शोभेला."

"शोभेला धार कशाला लागते?"

त्यांतला एक जरा पुढे सरकून म्हणाला, "तुमच्याकडे तो कारागीर आहे ना, तो लावून देईल. आम्ही वर पैसे देतो." मिरवणूक जाणार कुठून, तर त्याच कारागिराच्या गल्लीच्या तोंडावरून! म्हणजे धार कोणी लावायची आणि बघून घाबरायचं कोणी, दोन्ही ठरलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हात उगारलाच होता, पण युसुफभाई पुढे आले. त्यांनी तलवार घेतली, बाही वर केली, हातावर ओढली. काळी रेघ उमटली.

पोराचा चेहरा उतरला. "याने काय होणार?"

युसुफभाई म्हणाले, "फोटो होईल."

तुम्हाला वाटत असेल की मी एकाच बाजूचं सांगतेय. थांबा! त्याच महिन्यात दुसऱ्या बाजूची पोरं आली. रुमालाचा रंग वेगळा, भाषा वेगळी, मागणी तीच. त्यांनी तर युसुफभाईंना वर सुनावलं, "चाचा, आप तो अपने हो." युसुफभाईंनी बाही वर केली, तीच तलवार, तीच काळी रेघ आणि तेच उत्तर. नंतर दिवसभर ते हातावरची ती रेघ रॉकेलने घासत होते.

*

बाँबचा किस्सा छोटा आहे. एका क्राइम सिरियलला आम्ही घड्याळ लावलेला बाँब दिला होता. पुठ्ठ्याच्या नळ्या, लाल-हिरव्या वायरी आणि वर गजराचं घड्याळ. तो परत आला तो किरीटभाईंनी आपल्या टेबलाच्या खणात ठेवला, कारण घड्याळ त्यांच्या घरचं होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी खणात गजर झाला आणि किरीटभाई, ज्यांनी स्वतः त्या वायरी चिकटवल्या होत्या, ते "भागो!" म्हणून ओरडत पार हायवेपर्यंत धावत गेले.

*

आता नाक्याचं. कुठला नाका ते विचारू नका.

ते दिवसच तसे होते. शहरात काहीतरी घडायचं आणि मग आठवडाभर नाक्यानाक्यावर गाड्या तपासायचे. बंदुका बाहेर न्यायच्या तर आदल्या दिवशी चौकीला एक फोन करायचा असतो. तो करायचा किरीटभाईंनी. किरीटभाई विसरले. मी आणि फ्रान्सिस पुढे बसलेलो, युसुफभाई मागे मालात. पोलिसांच्या मालिकेचा शेवटचा भाग होता, त्यासाठी गाळ्यातल्या सगळ्या एके भरून चाललो होतो.

हवालदाराने ताडपत्री वर केली. आत बंदुकांचा ढीग आणि ढिगात बसलेला दाढीवाला माणूस. आणि युसुफभाईंनी काय करावं? समोर माणूस उभा, आपल्यापाशी माल. हाताला सवय! त्यांनी एक एके उचलली, नळी छातीला लावली, चाप ओढला. खट!

आणि बंदूक पुढे करून म्हणाले, "घ्या."

एक हवालदार तिथेच डांबरावर आडवा झाला. दुसऱ्याने खांद्यावरची जुनी रायफल ओढली, तर तिचा पट्टा शिट्टीच्या दोरीत अडकला. तो पट्टा सोडवतोय, शिट्टी ओढतोय, युसुफभाई बंदूक पुढे करून तसेच बसलेत, आणि फ्रान्सिस खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडतोय, "सायब, यो सगला खोटा हाय! खरा एक न्हाय!" तो पट्टा अडकला नसता तर आज हा किस्सा सांगायला मला तोंड नसतं. लोक इथे सगळ्यात जास्त हसतात.

चौकीत नेलं. बंदुका लाकडाच्या निघाल्या, साहेबांनी स्वतः टिचकी मारून पाहिलं. विषय संपायला हवा होता. पण साहेबांनी वही ओढली आणि युसुफभाईंना विचारलं, "नाम क्या है?"

"युसुफ."

"कहाँ का है?"

"खेडचा, साहेब. रत्नागिरी जिल्हा."

साहेबांनी मान वर केली. "मराठी कहाँ से सीखा?"

"आईकडून."

साहेब म्हणाले, "बैठ उधर." आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही आणि ड्रायव्हर जा. याचं जरा बघावं लागेल."

मी म्हटलं, "साहेब, आम्ही तिघं एकाच टेम्पोतून आलोय. माल एकच, मालक एकच. नाव एकट्याचंच कसं विचारलंत? माझं विचारा. याचं विचारा!"

"मॅडम, आवाज खाली."

आवाज खाली करणं मला कधी जमलेलं नाही. पण मी गेले नाही. त्या बाकावर युसुफभाईंच्या शेजारी बसले, पलीकडे फ्रान्सिस बसला. दुपार झाली. युसुफभाई दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसले होते. गाळ्यात कोणाशीही डोळ्याला डोळा भिडवून "घ्या" म्हणणारा माणूस, त्या दिवशी जमिनीवरून नजर उचलत नव्हता. इतक्या वेळात त्यांनी मला एकच वाक्य विचारलं, "ताई, घरी फोन नाही ना केलात? नका करू."

सोडवलं कोणी? त्या मालिकेत इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या नटाने! बंदुका आल्या नाहीत म्हणून शूटिंग अडलेलं. किरीटभाई त्यालाच गाडीत घालून घेऊन आले, तोंडाला मेकअप, अंगावर शूटिंगची वर्दी. तो दारात आला मात्र, नाक्यावर डांबरावर आडवा झालेल्या त्याच हवालदाराने ताडकन उठून त्याला सलाम ठोकला. साहेबांनी स्वतःची खुर्ची दिली. "सर, आमच्या मिसेस तुमचा एक एपिसोड चुकवत नाहीत!" त्याने चहा घेतला, युसुफभाईंकडे न बघताच बोट केलं आणि म्हणाला, "छोड़ दीजिए, अपना ही आदमी है."

सोडलं! आईने शिकवलेली मराठी चालली नाही, खोट्या पोलिसाची हिंदी चालली. मला आजही ते आठवलं की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं.

*

त्यानंतर किरीटभाईंनी युसुफभाईंना मागे बसवलं. "थोड़े दिन कस्टमर के सामने मत आओ, युसुफ. लोग देखते हैं." बाथरूमच्या बाजूला, एकेंच्या रॅकपाशी त्यांचं टेबल गेलं. मी किरीटभाईंशी भांडले, नोकरी सोडते म्हटलं. युसुफभाईच म्हणाले, "राहू द्या ताई. घरात लग्नाची मुलगी आहे. मागे बसून काम तर होतंय."

मग माल मी द्यायला लागले. मी हातावर ओढायची, पण माझं कोण ऐकतं? "मॅडम, रहने दो ना, टाइम नहीं है." आधी गिऱ्हाइकांनी आपल्या हातावर चालवणं सोडलं. मग किरीटभाई म्हणाले, तुम्हीपण कशाला वेळ घालवता. कायदा असा हळूहळू मोडत चालला होता आणि युसुफभाई मागे बसून सगळं ऐकत होते. मला त्या दिवसांत एकच हवं होतं. या माणसाने पुन्हा पुढे येऊन, समोरच्याच्या डोळ्यात बघून, एकदा तरी "घ्या" म्हणावं.

*

आणि हा शेवटचा.

एका सकाळी गाळ्याच्या दारात पोलिसांची जीप उभी राहिली. उतरले ते चौकीतले तेच साहेब. किरीटभाई घाईघाईने खुर्ची पुसायला लागले. पण साहेब खुशीत होते. गर्दीच्या जागी अतिरेकी घुसले तर पोलीस काय करतील, याचं लोकांना प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, आणि त्यासाठी आमच्या एके हव्या होत्या. भाड्याने नव्हे, सहकार्य म्हणून!

"अतिरेकी म्हणून आमचेच हवालदार उभे करतोय," साहेब म्हणाले. "पण त्यांची पोटं सुटलीयत. लोक हसतात. एक तरी बरोबर दिसायला पाहिजे." आणि त्यांनी आत बाथरूमकडे मान केली. "तुमचा तो दाढीवाला द्या ना."

मी खुर्चीवरून उठलेच. "तुमच्या खात्यात दाढी चिकटवायला डिंक मिळत नाही का?" म्हटलं. "आधी त्याला दिवसभर बाकावर बसवलंत, आता वर सोंग पण त्यानेच आणायचं? आणि ते बघायला त्याच्या गल्लीतली माणसं येणार!" किरीटभाई मला डोळ्यांनी दटावत होते. गिऱ्हाइकासमोर येऊ नको म्हणणारे तेच किरीटभाई आता हात चोळत म्हणत होते, "साहब, ले जाइए ना, आपका ही आदमी है."

युसुफभाई मागून चालत पुढे आले. पंच्याला हात पुसत होते. म्हणाले, "येतो मी."

का हो म्हणाले ते मी तेव्हा विचारलं नाही. इतकी चिडले होते की मी त्यांच्याशीही बोलत नव्हते. पण मी गेले मात्र त्यांच्याबरोबर.

शाळेचं पटांगण होतं. सकाळचं कोवळं ऊन, बाकांवर नगरसेवक, सोसायट्यांचे सेक्रेटरी, मागे शाळेची मुलं. अतिरेकी झालेले हवालदार तोंडाला काळी फडकी बांधून आमच्या टेम्पोपाशी बंदुका घ्यायला आले. युसुफभाईंनी पहिली एके उचलली, नळी छातीला लावली, चाप ओढला. खट! "घ्या. आता तुम्ही." हवालदार हसला. पण युसुफभाई बंदूक सोडेनात. शेवटी त्याने स्वतःच्या छातीला नळी लावली आणि चाप ओढला. मग पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने. पटांगणावर खट, खट आवाज होत होते. किती महिन्यांनी तो आवाज ऐकत होते मी! शेवटची एके युसुफभाईंनी स्वतःसाठी ठेवली.

साहेब आले. "ऐका सगळे. तुम्ही गेटमधून घुसायचं. आम्ही त्या बाजूने येणार. मी याच्यावर रिव्हॉल्व्हर रोखणार." त्यांनी युसुफभाईंसमोर उभं राहून कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि नळी त्यांच्या छातीवर धरून दाखवली. "असं. मग तू हत्यार खाली टाकणार. समझा?"

युसुफभाईंनी नळीकडे पाहिलं. मग साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं.

"हे आमच्या गाळ्यातलं नाही, साहेब."

"अरे, हे माझं आहे. सरकारी."

"मग आधी चालवून दाखवा."

"काय?"

"आमच्यात कायदा आहे. दुसऱ्यावर धरायच्या आधी आपल्या छातीवर चालवायचं. तुमच्या माणसांनी आत्ताच चालवलं, विचारा."

साहेब हसले. "अरे, रिकामं आहे ते."

"म्हणूनच म्हणतो. रिकामं आहे तर काय हरकत आहे?"

फडकी बांधलेले हवालदार आपल्या लाकडी बंदुका घेऊन उभे होते. त्यांच्यातला एकही हसला नाही. मागच्या बाकावरचा एक सेक्रेटरी नीट दिसावं म्हणून उठून उभा राहिला. साहेबांनी एकदा बाकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदाच मला बोलावंसं वाटलं नाही.

साहेबांनी पाठ वळवली. रिव्हॉल्व्हरचा खटका उघडल्याचा बारीक आवाज आला. त्यांचा हात पँटच्या खिशात गेला आणि खिशात काहीतरी खुळखुळलं. पुन्हा खटका लागला. साहेब वळले, टोपी सारखी केली आणि मोठ्याने म्हणाले, "हं! चला, चला, जागा घ्या सगळ्यांनी!"

सगळे हलले. युसुफभाई हलले नाहीत. त्यांनी एके खांद्याला अडकवली, उजव्या हाताचं बोट आपल्या छातीवर ठेवलं, आणि शुद्ध मराठीत म्हणाले,

"आधी आपल्या छातीवर. इथे, साहेब."